संयुक्त, दुहेरी की सामाईक?

२०२२च्या उन्हाळ्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने तीन आठवड्यांच्या आत दोन वेगळ्या गोष्टी जाहीर केल्या. एप्रिलमध्ये सांगितले, की एका विद्यार्थ्याला एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करता येतील. २ मे रोजी नियमावली आली ती निराळीच : आपल्याकडचे विद्यापीठ आणि परदेशातले विद्यापीठ मिळून अभ्यासक्रम चालवू शकतील. मराठीत दोन्हींचा उल्लेख सर्रास ‘दुहेरी पदवी’ असाच होत राहिला. आयआयटीची पाच वर्षांची बी.टेक.-एम.टेक. तर आधीपासूनच ‘ड्युअल डिग्री’ म्हणून मिरवत होती. आता नाशिकच्या कॉलेज रोडवर एखाद्या बापाने ‘दुहेरी पदवीचं काय ते नीट सांगा’ म्हटले, तर सांगणाऱ्याने यातल्या कुठल्या दुहेरीविषयी बोलायचे?

बरे, मे महिन्यातल्या नियमावलीच्या पोटातही तीन प्रकार आहेत. पहिला ट्विनिंग : विद्यार्थी काही काळ परदेशी विद्यापीठात शिकतो, तिथले श्रेयांक (क्रेडिट) एकूण श्रेयांकांच्या ३० टक्क्यांपर्यंतच धरले जातात आणि पदवी फक्त आपले विद्यापीठ देते. दुसरा जॉइंट डिग्री : दोन्हीकडचे किमान ३० टक्के श्रेयांक हवेत, शेवटी प्रमाणपत्र एकच आणि त्यावर दोन्ही विद्यापीठांची बोधचिन्हे. तिसरा ड्युअल डिग्री : किमान ३० टक्के श्रेयांक इथले, पण शेवटी हातात दोन कागद, दोघांनी आपापला दिलेला. हे सगळे कोणालाही करता येते असे नाही. आपल्या विद्यापीठाला नॅकच्या मूल्यांकनात किमान ३.०१ गुण हवेत, किंवा एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीतल्या विद्यापीठांच्या यादीत पहिल्या शंभरात स्थान हवे, नाहीतर ‘इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स’चा दर्जा हवा. समोरचे विद्यापीठ टाइम्स किंवा क्यूएस यांच्या जागतिक यादीत पहिल्या हजारात असले पाहिजे.

तिन्हींतला मुख्य फरक एवढाच, की शेवटी कागद किती आणि त्यावर नावे किती. जॉइंटला मराठीत ‘संयुक्त पदवी’ म्हणतात, ड्युअलला ‘दुहेरी पदवी’, आणि ट्विनिंगला ट्विनिंगच. यातला ‘संयुक्त’ हा शब्द मला खटकतो. का, ते सांगण्याआधी ‘पदवी’कडे वळू या, कारण खरी गंमत तिथे आहे.

संस्कृतात ‘पदवी’ म्हणजे वाट. पद म्हणजे पाय, पाऊल. पावलांनी पडते ती पदवी. मेघदूतातला ढग वाऱ्याच्या वाटेवर चढतो, तिथे कालिदासाने वाटेसाठी हाच शब्द वापरला आहे. वाटेवरून चालता चालता माणूस कुठेतरी पोहोचतो, म्हणून पुढे पदवी म्हणजे पोहोचल्यावर मिळालेले स्थान, मान, दर्जा. मराठीत शब्द आला तो बहुतेक या दुसऱ्या अर्थानेच. रावबहादुरांची पदवी, सरदारांची पदवी. तिच्या जोडीला ‘किताब’ही होता. हा किताब म्हणजे पुस्तक नव्हे. अरबीतला ‘खिताब’ मराठीच्या तोंडी किताब झाला आणि पुस्तकवाल्या किताबात मिसळून गेला. कुस्तीगिराला किताब मिळतो म्हणून कोणी त्याला पुस्तक नेऊन देत नाही.

इंग्रजी ‘डिग्री’ची कुळकथाही पायाचीच. लॅटिनमधल्या ‘ग्राडुस’, म्हणजे पाऊल किंवा पायरी, या शब्दावरून फ्रेंचमार्गे ती इंग्रजीत आली. ‘ग्रॅज्युएट’ही त्याच घरातला. एकोणिसाव्या शतकात ज्यांनी डिग्रीला पदवी म्हटले, त्यांनी लॅटिन चाळून ते ठरवले असेल असे वाटत नाही. मानाचा शब्द हवा होता, तो हाताशी होता. पण जुळले ते इतके चपखल, की इंग्रजीतली पायरी आणि आपली पाऊलवाट शेजारी शेजारी येऊन बसल्या. हिंदीने मात्र दुसरी वाट धरली. तिथे ‘स्नातक’, म्हणजे गुरुगृही शिकणे संपल्यावर न्हाऊन निघालेला. रामकुंडावर एवढी स्नाने होत असूनही नाशिककर बी.ए. झालेल्याला स्नातक म्हणत नाही, ‘पदवीधर’ म्हणतो. मुळाच्या अर्थाने पाहिले तर पदवीधर म्हणजे वाट धरलेला. वाटेला लागलेला म्हटले तरी चालेल. नोकरीची वाट पाहणारा, हा अर्थ नंतरचा.

खेड्यापाड्यांतल्या जुन्या माणसांच्या तोंडी डिग्रीची ‘डिगरी’ होते आणि ती शेजारच्या ‘डिक्री’ला जाऊन चिकटते. डिक्री म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा, सावकाराच्या बाजूने लागणारा. ज्या कुळांनी डिक्रीपायी जमिनी घालवल्या त्यांच्या नातवंडांनी डिगऱ्या मिळवल्या. दोन शब्दांचा तसा काहीही संबंध नाही. डिक्रीचे मूळ वेगळ्याच लॅटिन क्रियापदात, ‘निवाडा करणे’ या अर्थाच्या. आणि हीच डिग्री भूमितीत किंवा तापमानात आली की मराठीत तिचा ‘अंश’ होतो. एकाच इंग्रजी शब्दाचे एक मराठी रूप वाट, दुसरे तुकडा. परदेशी विद्यापीठाचे ३० टक्के मोजताना मला हा दुसरा अर्थ जास्त आठवतो.

‘डिप्लोमा’ तर मुळातच दुहेरी. ग्रीकमध्ये ‘डिप्लोमा’ म्हणजे दुमडलेला, दोन घड्यांचा लेख. ‘डिप्लूस’ म्हणजे दुप्पट. राजाची सनद घडी करून पाठवीत, म्हणून सनदेचेच नाव डिप्लोमा पडले, आणि ती सनद बाळगणारा राजदूत झाला डिप्लोमॅट. आपण तिला ‘पदविका’ केले. ‘-इका’ लावून वस्तू धाकटी करायची : नाटक-नाटिका, पुस्तक-पुस्तिका, तशी पदवीची पदविका. घडीचा अर्थ गेला आणि धाकटेपण आले. पॉलिटेक्निकमधून तीन वर्षे घासून बाहेर पडलेल्या मुलांना हे धाकटेपण अजून भोवते. दुहेरी पदवीवाल्यांनी मात्र डिप्लोमाचे मूळ जाणून घ्यायला हरकत नाही.

आता ‘संयुक्त’. मूळ धातू युज्, म्हणजे जुंपणे, जोडणे. योग, युक्ती, नियुक्ती ही सगळी त्याची लेकरे. बैलांच्या मानेवरचे ‘जू’ही त्यातलेच; संस्कृत युग, प्राकृतातून घसरत जू. युगलाचे झाले ‘जुळे’. इंग्रजीत जुवाला ‘योक’ म्हणतात तेही याच आदिम मुळाचे. आणि लॅटिनमधला ‘युंगेरे’, म्हणजे जोडणे, फ्रेंचमधून इंग्रजीत येताना ‘जॉइन’ आणि ‘जॉइंट’ झाला. म्हणजे ‘जॉइंट’ आणि ‘संयुक्त’ हे हजारो वर्षांपूर्वी ताटातूट झालेले भाऊ आहेत. ट्विनिंगला कोणी ‘जुळी पदवी’ म्हणाले असते, तर तोही त्याच घराण्यातला निघाला असता. व्युत्पत्तीच्या परीक्षेत ‘संयुक्त पदवी’ला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील.

पण शब्द आजोबांच्या पुण्याईवर चालत नाही, त्याला रोजच्या तोंडी काय चिकटले आहे त्यावर चालतो. मराठी कानाला ‘संयुक्त’ म्हटले की पहिल्यांदा संयुक्त महाराष्ट्र आठवतो. तुकड्या-तुकड्यांत विभागलेला प्रदेश एक व्हावा, मधल्या सीमा पुसल्या जाव्यात, यासाठीचा लढा, आणि १ मे १९६०. एकत्र येऊन एक होणे हा त्या शब्दाचा मराठी मनावरचा ठसा आहे. दोन विद्यापीठे मिळून पदवी देतात तेव्हा असे काहीही होत नाही. कोणी कोणात विलीन होत नाही. प्रत्येकाचे कुलगुरू वेगळे, शुल्क वेगळे, परीक्षेचे नियम वेगळे, सुट्ट्यासुद्धा वेगळ्या. फक्त एका गोष्टीवर दोघांचा हक्क असतो.

याला मराठीत अगदी नेमका शब्द आहे : सामाईक. निफाड किंवा दिंडोरी तालुक्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला तो तलाठ्याकडून शिकावा लागत नाही. सातबारा उतारा काढा. गाव नमुना सातमध्ये खातेदारांची नावे एकाखाली एक येतात; बाप गेला असेल तर भावांची, बहिणींची, आईचे. आणि खाली ‘सामाईक क्षेत्र’ असे छापून पुढे हेक्टर-आर. कागद एक, गट नंबर एक, नावे अनेक, हक्क सगळ्यांचा. वाटप झाले, पोटहिस्सा पडला, की उतारे वेगळे. जॉइंट आणि ड्युअल यांतला फरक याहून स्वच्छ सांगता येईल असे मला वाटत नाही. जॉइंट डिग्री म्हणजे सामाईक उतारा, ड्युअल म्हणजे पोटहिस्से पडलेले दोन उतारे. सामाईक विहिरीवर पाण्याची पाळी असते, कोणाची किती तास. इथे ती पाळी श्रेयांकांची असते, प्रत्येकाची किमान ३० टक्के. आणि विहीर सामाईक असली की मोटरीचे बिल कोणी भरायचे यावरून जे होते, तेही या व्यवहारात व्हायचेच. परीक्षेत गैरप्रकार झाला तर चौकशी कोणाच्या नियमाने? गुणपत्रकात चूक निघाली तर दुरुस्ती कोणाकडे? ‘संयुक्त’ म्हटले की हे प्रश्न सुचतच नाहीत. ‘सामाईक’ म्हटले की आधी तेच सुचतात.

सरकारला हा शब्द परका आहे असेही नाही. सीईटीला ‘सामाईक प्रवेश परीक्षा’ म्हणतातच. कोणी ‘सामायिक’ असे लिहितात. तो जैन मंडळींचा शब्द कानाला तसाच वाटला तरी अर्थाने वेगळा : ४८ मिनिटे समभावाने बसण्याचे व्रत. प्रवेश परीक्षेच्या रांगेत समभाव ठेवायला ४८ मिनिटे कमीच पडतील, ते सोडा.

‘जोडपदवी’ हाही पर्याय होता. जोडधंदा, जोडशब्द, जोडाक्षर यांच्या रांगेत तो शोभलाही असता. पण जोडधंदा हा मुख्य धंद्याला लागून केलेला दुय्यम धंदा असतो, शेतीला जोडून कोंबड्या. जोडपदवी म्हटले की मुख्य कोणती आणि कोंबड्या कोणत्या, हा वाद पुण्याच्या किंवा मेलबर्नच्या विद्यापीठाला झेपणार नाही. शिवाय ‘जोडवी’ आणि ‘जोडे’ दोन्ही पायाशी असतात, आणि पदवीही पायाचीच; विनोद करणाऱ्यांना आयते खाद्य.

नाशिकच्या विद्यार्थ्याला शिकायचे एकीकडे आणि शिक्का दुसरीकडचा, हे नवीन नाही. मुंबई विद्यापीठ १८५७मध्ये निघाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. स्वतः शिकवायचे नाही, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. शिकवायचे काम कॉलेजांचे. १८६२मध्ये बी.ए. झालेल्या पहिल्या चौघांत निफाडला जन्मलेले महादेव गोविंद रानडे होते. बाकीचे तिघे रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चौघांची पदवी देशी विद्यापीठाची, पण तिचा साचा विलायती. पुढे १९२४मध्ये गोखले एज्युकेशन सोसायटीने नाशिकमध्ये कॉलेज काढले, आज एचपीटी म्हणतो ते. तिथे शिकलेल्या पोरांना आधी मुंबईचा शिक्का मिळाला आणि १९४९मध्ये पुणे विद्यापीठ निघाल्यावर पुण्याचा. कॉलेज विद्यापीठाशी ‘संलग्न’.

हा संलग्न शब्दही पाहण्यासारखा आहे. इंग्रजी ‘अफिलिएट’मध्ये लॅटिनचा ‘फिलियुस’, म्हणजे मुलगा, दडलेला आहे. अफिलिएट करणे म्हणजे मूळ अर्थाने दत्तक घेणे. मराठी शब्दात ‘लग्न’ आहे. लग् म्हणजे चिकटणे, त्यावरूनच लागणे आणि लग्नही. इंग्रजीत कॉलेज विद्यापीठाच्या मांडीवर बसते, मराठीत गळ्यात माळ घालते. आणि लग्नानंतर नाव सासरचे लागते, तसे पदवीवर ठळक अक्षरांत नाव विद्यापीठाचे. सामाईक पदवीत नवे काही असेल तर एवढेच, की दोघांची नावे सारख्याच आकारात येतात.

श्रेयांकाकडे आता यायला हवे, कारण सगळा हिशेब त्यातच चालतो. विद्यार्थी ‘क्रेडिट’ म्हणतात, परिपत्रके ‘श्रेयांक’. घडण दिनांक आणि क्रमांक यांसारखी, शेवटी अंक. (दिनांक आणि क्रमांक या शब्दांचे श्रेय भगूरच्या सावरकरांना दिले जाते. त्यांची स्वतःची पदव्यांची कथा विचित्र आहे : मुंबई विद्यापीठाने दिलेली बी.ए. काढून घेतली, आणि लंडनच्या ग्रेज इनने परीक्षा होऊनही बॅरिस्टरी दिली नाही. एक देशी, एक विलायती, दोन्ही हातच्या गेल्या. पदवी देणाऱ्याला ती परतही घेता येते. सामाईक पदवी परत घ्यायची तर दोघांनी मिळून घ्यायची का, हाही त्या विहिरीवरचाच प्रश्न.) तर श्रेयांक. श्रेय म्हणजे अधिक चांगले, हिताचे, आणि त्यावरून मराठीत एखाद्या कामाचा मान. पण क्रेडिटचे मूळ मानात नाही, विश्वासात आहे. लॅटिन ‘क्रेडो’, म्हणजे माझा विश्वास आहे, आणि आपली ‘श्रद्धा’ हे शब्द एकाच मुळाचे आहेत. मराठीत क्रेडिटचा तो अर्थ ज्याने धरून ठेवला आहे तो शब्द वेगळाच : पत. पतसंस्था, पतपेढी, बाजारातली पत. एका विद्यापीठाने दुसऱ्याचे श्रेयांक मान्य करायचे म्हणजे त्याची पत मान्य करायची. नॅकचे गुण आणि जागतिक क्रमवाऱ्या हे पत तपासायचे कागद आहेत, बँक सातबारा आणि जामीनदार मागते तसे. ‘पतांक’ म्हटले असते तर सरकारला ते बाजारू वाटले असते, पण खोटे ठरले नसते.

श्रेयांकांच्या आधी येतो तो ‘सामंजस्य करार’. बहुतेक बातम्या इथेच सुरू होतात आणि पुष्कळदा इथेच संपतात. समंजस म्हणजे उचित, योग्य, त्याचे सामंजस्य. करार मात्र अरबी. त्या मुळाचा अर्थ स्थिर होणे, ठरणे, निवांत होणे. गझलेतला ‘बेकरार’ त्याचा सख्खा भाऊ. करार म्हणजे एकदाचे ठरले, आता धाकधूक नाही. सामंजस्य करारात मात्र ठरत काहीच नाही, ठरवायचे ठरते. त्यापुढे गेलेली उदाहरणे मोजकी असली तरी आहेत. पवईला २००८पासून आयआयटी मुंबई आणि ऑस्ट्रेलियातले मोनॅश विद्यापीठ यांची संशोधन अकादमी आहे, तिथली पीएच.डी. दोघांची मिळून असते. आयोगाची ही नियमावली त्यानंतर चौदा वर्षांनी आली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने मेलबर्न विद्यापीठाच्या साह्याने बी.एस्सी. ‘ब्लेंडेड’ सुरू केले. मुंबई विद्यापीठाने अमेरिकेतल्या सेंट लुईस विद्यापीठाशी करार केला. उलट्या दिशेचेही एक उदाहरण आहे : पुणे विद्यापीठाची शाखा २०२१पासून कतारमध्ये दोह्याला चालते. तिथल्या पोरांसाठी परदेशी विद्यापीठ म्हणजे पुणे.

‘परदेशी’ हा शब्द आपल्याकडे फार लवचीक आहे. महाराष्ट्रात उत्तरेकडून येऊन स्थायिक झालेल्यांना परदेशी म्हणत. तेच पुढे आडनाव झाले आणि नाशिकमध्ये ते अजून आहे. म्हणजे कोणे एके काळी परदेश सातपुड्यापलीकडे सुरू होई. ‘विलायत’ अरबी, वली म्हणजे कारभार पाहणारा, त्याच्या ताब्यातला मुलूख ती विलायत. आधी इराण-अफगाणिस्तानाकडचा प्रांत, मग हळूहळू फक्त इंग्लंड. ‘परकीय’ला आक्रमणाचा वास, निदान चलनाचा. आणि आयोगाच्या ‘विदेशी’ला दारूच्या दुकानाचा. यातल्या कोणत्याही शब्दाने विद्यापीठाची नीट ओळख होत नाही, म्हणून लोक ‘फॉरेन युनिव्हर्सिटी’ म्हणतात आणि मोकळे होतात. जून २०२५मध्ये ॲबरडीन, यॉर्क आदी पाच परदेशी संस्थांना नवी मुंबईत येण्याची इरादापत्रे मिळाली, पण तो व्यवहार निराळा. त्यात कागद त्यांचा, नाव त्यांचे. सामाईक काही नाही.

नाशिक शहराची म्हणावीत अशी सरकारी विद्यापीठे दोन. आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८चे, म्हसरूळला. वैद्यकीय शिक्षणात परदेशाशी असे काही करायचे तर आधी त्या त्या नियामक परिषदेची परवानगी लागते. दुसरे १९८९चे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, गोवर्धनला, गंगापूर धरणाच्या वाटेवर. त्याचे ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’, आणि नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणत असल्याने ते इथे फार सहज मुरले. ‘ओपन’ला आपण ‘मुक्त’ म्हटले, ‘खुले’ नाही. खुला प्रवर्ग, खुले पत्र, खुले नाट्यगृह, पण विद्यापीठ मुक्त. खुले म्हणजे दार उघडे. मुक्त म्हणजे बेडी तुटलेली, मोक्षाच्या घरचा शब्द. मात्र २०२२च्या नियमावलीत एक कलम आहे : दूरशिक्षणाच्या आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांना हे नियम लागू नाहीत. म्हणजे नोकरी करून, शेती सांभाळून, संसार ओढून शिकणाऱ्या मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्याला परदेशी विद्यापीठाबरोबरची सामाईक पदवी नाही. ज्याला वर्षभर मेलबर्नला जाऊन राहणे परवडते त्याला ती आहे. ज्याला घर सोडता येत नाही, म्हणून ज्ञानगंगा घरी आणावी लागली, त्याला नाही. कलम घालणाऱ्यांची भीती मी समजू शकतो. ऑनलाइन पदव्यांचा बाजार कसा भरतो हे सगळ्यांनी पाहिले आहे. पण नियम करताना दर्जाच्या चाळणीऐवजी शिकण्याच्या पद्धतीचीच चाळणी लावली, हे मला पटत नाही.

एका ठिकाणी मात्र हे सगळे पदवीधर एका रांगेत येतात. विधान परिषदेच्या नाशिक विभाग पदवीधर मतदारसंघात नाव घालायचे तर नमुना १८ भरावा लागतो, पदवीची साक्षांकित प्रत जोडावी लागते. संविधानाच्या १७१व्या अनुच्छेदात शब्द आहेत ते भारताच्या राज्यक्षेत्रातील विद्यापीठाचा निदान तीन वर्षे पदवीधर असलेल्या व्यक्तीचे, किंवा मग कायद्याने समतुल्य ठरवलेली अर्हता असलेल्याचे. मुक्त विद्यापीठाचा बी.ए. या शब्दांत सरळ बसतो. नुसत्या मेलबर्नच्या बी.एस्सी.ला समतुल्यतेच्या दाराने यावे लागते. सामाईक पदवीवाल्याच्या कागदावर दोन बोधचिन्हे असली, तरी त्यातले एक इथले आहे, आणि आयोगाच्या नियमावलीनेही अशा पदवीला वेगळी समकक्षता मिळवण्याची अट घातलेली नाही. मतदार यादीपुरते त्याच्या कागदावरचे पुण्याचे नाव पुरते. मेलबर्नचे तिथे कोणी वाचत नाही.